क्रोमोलीचा आग्रह मी सोडला

टाय रॉड वाकला की पुढचा अधिक भारी पोलादाचा करायचा, या मताचा मी बरीच वर्षं होतो. नुसता होतो असं नाही, ते मत विद्यार्थ्यांच्या गळी उतरवणाराही मीच. यवतमाळला मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकवताना मुलांची बग्गी दरवर्षी माझ्या वाट्याला येते. चार चाकं, एक सीट, पाईपांचा सांगाडा आणि मागे छोटं इंजिन. ती खड्ड्यादगडांतून पळवायची असते, आणि पळवली की पुढच्या बाजूला काहीतरी दगा देतंच. मुलं तो पार्ट हातात घेऊन यायची आणि मी विचारायचो, "मटेरियल कोणतं?" माइल्ड स्टील असं उत्तर आलं की निकाल लागला. "पुढच्या खेपेला क्रोमोली घ्या." हा प्रश्न मी आजही विचारतो, पण सगळ्यात शेवटी.

ज्यांना ही बग्गीची भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. विद्यार्थ्यांनी स्वतः आखून, स्वतः बांधून अशी गाडी पळवायची स्पर्धा अमेरिकेत साउथ कॅरोलायना विद्यापीठात १९७६ साली सुरू झाली. मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्निया या वाळवंटी द्वीपकल्पातल्या शर्यतींवरून तिचं नाव पडलं 'बाहा'. भारतात ती एसएई इंडिया या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेने २००७ साली मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला आणली आणि बघता बघता गावोगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत तिचं वेड पसरलं. बरीच वर्षं इंजिन सगळ्यांना एकच, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं दहा हॉर्सपॉवरचं. इंजिनात हुशारी करायला वावच नाही, म्हणून सगळी हुशारी वजन, सस्पेन्शन आणि स्टेअरिंगवर येते. शेवटची परीक्षा चार तासांच्या एन्ड्युरन्स शर्यतीची. त्यात वेगाने पळणाऱ्यापेक्षा न मोडणाऱ्याची किंमत जास्त.

बग्गी या प्रकाराचा स्वभावच मुळात उधारीचा आहे. ब्रूस मेयर्स या कॅलिफोर्नियातल्या होड्या बांधणाऱ्या माणसाने १९६४ मध्ये फोक्सवॅगन बीटलचे पार्ट घेऊन फायबरग्लासची 'मँक्स' बनवली, ती या सगळ्या बग्ग्यांची आजी. शहरात चालवायच्या गाडीचा पुढचा भाग वाळूच्या टेकड्यांवर न्यायचा, असा तो प्रकार. आमची मुलं तेच करतात, फक्त बीटलच्या जागी मारुती ८००. १९८३ ते २०१४ इतकी वर्षं ती गाडी बनली, त्यामुळे तिची स्टेअरिंग रॅक भंगारबाजारात कुठेही मिळते. मुलं ती आणतात, कापून आखूड करतात आणि बग्गीत बसवतात. साडेसहाशे किलोच्या गाडीचा पार्ट दोनशे किलोच्या बग्गीत, म्हणजे भरपूर झाला, असं पहिल्या वर्षी प्रत्येक टीमला वाटतं. मलाही वाटायचं. पण मारुती ८०० कोणी उड्या मारत नाल्यात घालत नाही.

आणि आमच्याकडचं रान तर खास वाईट. पिथमपूरचा ट्रॅक निदान बनवलेला असतो. इथे आम्ही गाडी तपासतो ती पांदण रस्त्यांवर. पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रॅक्टरची चाकं रुततात, आणि उन्हाळ्यात त्याच चाकोऱ्या वाळून दगडासारख्या होतात. वीतभर खोल, कडा धारदार. पुढचं एक चाक चाकोरीत आणि एक बाहेर, अशा वेळी ड्रायव्हरने गाडी काढायला स्टेअरिंग फिरवलं की चाकोरीची कड चाकाला वळू देत नाही आणि सगळा जोर एका सळईवर येतो. त्यातून घाटंजीकडे किंवा दारव्ह्याकडे जरा उघड्या माळावर गेलं की मुरमात अर्धवट गाडलेले काळे दगड. वरून बोटभर दिसतो, आत हातभर असतो. चाक त्यावर आदळलं की दगड हलत नाही, मग दुसरं काहीतरी हलतं.

ती सळई म्हणजे टाय रॉड. स्टेअरिंगची रॅक डावीउजवीकडे सरकते, तिच्या दोन्ही टोकांना एकेक टाय रॉड, आणि टाय रॉडचं दुसरं टोक चाकाच्या नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या वळणाऱ्या भागाला. ड्रायव्हरचा हात आणि चाक यांच्यात एवढाच दुवा. तो गेला की चाक मनाला येईल तिकडे वळतं. म्हणून त्याच्या ताकदीबद्दल मी कडक होतो, त्यात काही गैर नव्हतं. ताकद म्हणजे काय याची माझी समजूत मात्र बाजाराची होती.

बाजारात पोलाद ओढण्याच्या आकड्यावर विकलं जातं. अमुक पोलाद इतक्या मेगापास्कलला ताणलं जातं, तमुक तितक्याला. क्रोमोली, म्हणजे ४१३० नंबरचं पोलाद, साध्या पोलादाच्या मानाने या आकड्यात बरंच वर. शिवाय नावाला वजन आहे. विमानाच्या सांगाड्यात वापरतात म्हटलं की मुलांचे डोळे चमकतात. डिझाइनच्या फेरीत परीक्षकांसमोर 'क्रोमोली' म्हणताना आवाजच बदलतो त्यांचा. ते पुण्यामुंबईकडून मागवावं लागतं, साध्या सीमलेस पाईपच्या कितीतरी पट पैसे पडतात, आणि ते पैसे येतात वर्गणीतून. माझ्या टीममधली निम्मी मुलं कापूस-सोयाबीनवाल्या घरातली. त्यांच्या वर्गणीतून मी नाव विकत घेत होतो, हे मला उशिरा दिसलं.

दिसलं तेही एका सरकारी थाटाच्या कामामुळे. कॉलेजात तपासणीसाठी कमिटी येणार होती आणि वर्कशॉप आवरायचा हुकूम निघाला. कपाटामागे एक लोखंडी पेटी होती. जुन्या बग्ग्यांचे मोडके पार्ट त्यात जमा होत गेलेले. भंगारात द्यायचे राहून गेले होते. ते टेबलावर पसरले तेव्हा आमचे लेथवरचे मिस्त्री शेजारी उभे होते. मी सवयीने मटेरियलप्रमाणे ढीग करायला लागलो. मिस्त्री काही वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "सर, असं नका लावू. मोडलं कुठून, तसं लावा." आणि त्यांनीच लावले. दोन ढीग झाले. एका ढिगात मधोमध धनुष्यासारखे वाकलेले रॉड. दुसऱ्यात टोकाशी, आट्यांच्या पहिल्या-दुसऱ्या फेऱ्यात, चेक नटला लागून तुटलेले रॉड एंड, म्हणजे रॉडच्या टोकाचे गोळीवाले सांधे. तिसरा ढीग, ओढून लांबून तुटलेल्यांचा, तो झालाच नाही. "ओढून कोनी तोडलंच नाही ना सर याले," मिस्त्री म्हणाले. "मंग ओढाची ताकद काऊन वाढवता?"

त्या दोन्ही ढिगांत माझी क्रोमोली होती.

आता वाकलेल्यांचं घेऊ. लांब, बारीक सळई दोन्ही टोकांनी दाबली की ती चुरडत नाही, एका क्षणी बाजूला बाक घेते. किती जोराला बाक घेईल याचं गणित ऑयलर या गणितज्ञाने १७४४ सालीच मांडून ठेवलंय. त्या गणितात सळईची लांबी येते, तिच्या छेदाचा आकार येतो आणि पोलादाचा ताठरपणा येतो. पोलाद कोणत्या ताणाला हार मानतं तो आकडा, ज्याचे आपण पैसे मोजतो, तो त्या सूत्रात कुठेच नाही. आणि ताठरपणा? तो साध्या पोलादाचा आणि क्रोमोलीचा जवळजवळ एकच, सुमारे दोनशे गिगापास्कल. मी हे सूत्र दुसऱ्या वर्षाच्या वर्गात दर साली फळ्यावर सोडवत आलो आहे. त्याच कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये, शंभर पावलांवर, मी त्याच्या उलट सल्ला देत होतो.

आकडे मांडून पाहिले. ४०० मिमी लांबीची, १२ मिमी जाडीची भरीव सळई घ्या. साध्या माइल्ड स्टीलची असेल तर ओढताना ती साधारण अठ्ठावीसशे किलोच्या भारापर्यंत टिकते. क्रोमोलीची असेल तर जवळपास पाच हजार. म्हणजे क्रोमोली जिंकली. आता तीच सळई दाबा. माइल्ड स्टीलची साडेबाराशे-तेराशे किलोच्या दरम्यान बाक घेते. क्रोमोलीची? तीही तिथेच. जास्तीचे सगळे पैसे ज्या बाजूने जोर फारसा येतच नाही त्या बाजूला गेले. त्याउलट बाहेरून १९ मिमी आणि २ मिमी जाड भिंतीचा साधा पाईप घ्या. लोखंड तेवढंच लागतं, किंबहुना थोडं कमीच, पण बाक घ्यायला तो जवळजवळ चौपट जड जातो. तो दाबून मोडायचा तर आता बाक यायच्या आधी पोलादच हार मानेल, आणि तेही साध्या पोलादात अडीच हजार किलोच्या पुढे. हे गणित सळई अगदी सरळ आहे असं धरून. थोडी वाकलेली सळई याच्या बऱ्याच आधी हात टेकते. म्हणून रेसच्या मधल्या वेळात रॉड गुडघ्यावर दाबून 'सरळ' करून पुन्हा लावायची मुलांची सवय मी आता चालू देत नाही. डोळ्यांना सरळ दिसणारा रॉड सरळ असतोच असं नाही.

पण मुळात रॉड दाबला का जातो? याचं उत्तर शोधताना मला खरी मजा आली. आमच्या बग्गीत रॅक चाकांच्या आखाच्या मागे होती. चाक दगडावर आदळलं की मागे ढकललं जातं. ते ज्या रेषेभोवती वळतं ती किंगपिनची रेषा चाकाच्या आतल्या बाजूला असते, त्यामुळे चाकाचा पुढचा भाग बाहेर आणि मागचा भाग आत फिरायला बघतो. टाय रॉड मागच्या बाजूला जोडलेला, म्हणजे तो दाबला जाणार. हीच रॅक आखाच्या पुढे असती तर तोच दगड तोच रॉड दाबण्याऐवजी ओढणार. एकाच दगडाला एक मांडणी घाबरते आणि दुसरी नाही. अर्थात रॅक पुढे नेणं फुकटात होत नाही. वळणावर आतलं चाक जास्त वळावं म्हणून नकलचे हात तिरपे ठेवावे लागतात. रॅक पुढे नेली की ते हात बाहेर, थेट चाकाच्या रिमकडे आणि ब्रेककडे झुकतात आणि जागा पुरत नाही. आमच्या टीममध्ये यावरून मोठा वाद झाला. शेवटी रॅक पुढे गेली आणि वळण्याची भूमिती थोडी कमी आदर्श स्वीकारली. ओल्या गवतावर वळताना गाडीचं पुढचं टायर जरा घसरतं. घसरू दे.

आणखी एक गोष्ट मुलांना पटवायला जड गेली, ती चाकं बाहेर काढण्याची हौस. रुंद उभी गाडी रुबाबदार दिसते. आमच्याकडे जीप, थार यांना स्पेसर लावून चाकं मडगार्डच्या बाहेर काढलेली तुम्ही पाहिली असतील. दगडाचा धक्का चाकाच्या मध्यातून येतो. तिथून किंगपिनच्या रेषेपर्यंतचं आडवं अंतर हा त्या धक्क्याचा दांडा. हे अंतर ४० मिमीचं ८० केलं की टाय रॉडवर येणारा जोर दुप्पट. रॉड तोच, दगड तोच, वेग तोच. म्हणून स्टेअरिंग बळकट करायला आलेल्या मुलाला मी आता आधी रिम काढायला लावतो आणि पट्टी घेऊन हे अंतर मोजायला लावतो. एका वर्षी वेगळ्या खोलीच्या रिम वापरून जे साधलं, ते माझ्या आधीच्या सगळ्या क्रोमोलीने साधलं नव्हतं.

दुसरा ढीग आट्यांशी तुटलेल्यांचा. यात मिस्त्रींचं शिक्षण माझ्यापेक्षा पक्कं निघालं. तुटलेलं टोक उजेडाकडे धरून त्यांनी दाखवलं: एका कडेपासून आत सरकत गेलेल्या बारीक अर्धवर्तुळाकार रेषा आणि शेवटी थोडासा खडबडीत, ताजा भाग. "हे एका धक्क्यात नाही गेलं. वाकूवाकू गेलं." आमच्या भाषेत हा फटीग. बर्‍याच दिवसांपासून चीर वाढत होती आणि शेवटच्या धक्क्याने फक्त सही केली. आटे म्हणजे मुळातच खाचा, आणि चीर तिथूनच सुरू होते.

पण रॉड एंड वाकायचं कारणच काय? तो गोळीवर फिरतो, त्याला वाकवणारा जोर यायलाच नको. कारणं दोन सापडली. पहिलं, रॉड एंडची गोळी एका मर्यादेपर्यंतच तिरपी होते, साधारण दहा-पंधरा अंश. बग्गीचं सस्पेन्शन कारपेक्षा कितीतरी जास्त खाली-वर होतं. गाडी उडीत हवेत गेली, चाक पूर्ण खाली लोंबलं, की गोळी कडेला टेकते आणि त्यापुढे रॉड एंड बिजागरी राहत नाही, पहार होतो. जितक्या वेळा उडी, तितक्या वेळा त्याच आट्यावर पहार. यावर उपाय ताकदीचा नाहीच. गोळीच्या दोन्ही बाजूंना निमुळते स्पेसर घालून तिला फिरायला जागा द्यायची. लेथवर अर्ध्या तासात होतात. दुसरं कारण, रॉड एंडचा बोल्ट नकलला एकाच बाजूने धरलेला होता, दुसरं टोक मोकळं. धक्का आला की बोल्ट आणि नकलचा हात दोन्ही वाकायला बघतात. वरून आणखी एक पट्टी वेल्ड करून बोल्टला दोन्ही बाजूंनी पकड दिली की हा त्रास जवळजवळ संपतो. एवढं करूनही धाकधूक वाटली तर एम१० च्या जागी एम१२ चा रॉड एंड. आट्याच्या बुडाशी वाकण्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते, त्यामुळे दोन मिलिमीटरने ती सुमारे पावणेदोन पट होते. दोन मिलिमीटर!

इथपर्यंत ऐकल्यावर एखादा म्हणेल, मग सगळंच जाड करा, प्रश्न मिटला. मी स्वतःशी हा वाद बराच घातला. अडचण अशी की जोर कुठेतरी जातोच. टाय रॉड न मोडणारा केला की धक्का पुढे रॅकच्या दातांवर, तिथून रॅक जिथे सांगाड्याला बसवली त्या पट्ट्यांवर, आणि तिथून ड्रायव्हरच्या मनगटावर. बग्गीचं स्टेअरिंग जलद ठेवतात, थोडं फिरवलं की चाक पूर्ण वळतं, त्यामुळे उलटा झटका हातात जोराने येतो. जुने जीपवाले अंगठे स्टेअरिंगच्या आत घालत नाहीत ते याचसाठी. रॅक बदलायची तर शर्यत गेली. टाय रॉड बदलायला सराव असलेल्या पोरांना काही मिनिटं पुरतात.

टीममधल्या एका मुलाने यावर रोटावेटरचं उदाहरण काढलं. ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टवर शिअर बोल्ट असतो. पातं दगडात अडकलं की बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. घाईत कोणी तिथे भारी बोल्ट घातला की पुढच्या दगडाला गिअरबॉक्स जातो. त्याच्या घरी हे झालेलं होतं, त्यामुळे तो ठामपणे बोलत होता. त्याचं म्हणणं, टाय रॉडही असाच मुद्दाम कमजोर ठेवू. यावर मात्र मी अडलो आणि अजून अडतो. रोटावेटर बंद पडला तर शेतकरी खाली उतरून बोल्ट बदलतो. टाय रॉड तुटला तर ड्रायव्हर चालत्या गाडीत बसलेला असतो. तो वाकला तर चालेल, तुटता कामा नये. वाकलेल्या रॉडने गाडी तिरकी चालते, स्टेअरिंग वाकडं राहतं, पण थांबेपर्यंत हाताशी राहते. म्हणून मला आता असा पाईप हवा असतो जो खूप जोर सहन करेल आणि जोर त्यापलीकडे गेला तर चांगला बाक घेईल. साधं, मऊसर पोलाद याला उत्तम. कडक केलेली सळई इथे नको. ती काहीही न सांगता जाते.

क्रोमोलीवर माझा राग नाही, हेही सांगून टाकतो, नाहीतर विद्यार्थी आता उलटी पोथी म्हणायला लागतील. आखूड आणि जाड पार्ट, जिथे बाक येण्याचा प्रश्नच नाही, उदाहरणार्थ चाकाचा स्टब अॅक्सल, तिथे भारी पोलादाचा खरोखर उपयोग होतो. सांगाड्यातही होतो, स्पर्धेच्या नियमांनी संदर्भ म्हणून धरलेला पाईप २५ मिमी बाहेरचा आणि ३ मिमी भिंतीचा आहे, आणि तेवढाच ताठरपणा व ताकद सिद्ध करता आली तर मोठ्या व्यासाचा पातळ पाईप चालतो. तिथे क्रोमोलीने वजन वाचतं. गंमत म्हणजे त्या नियमातही ताठरपणाचा हिशेब वेगळा आणि ताकदीचा वेगळा मागितलेला आहे. तो नियम मी दर वर्षी मुलांकडून घोकून घेत होतो. सांगाड्याला लावलेला विचार टाय रॉडला लावायचं सुचलं नाही.

काही मतं मात्र तसूभर हलली नाहीत. स्टेअरिंगचा बोल्ट ८.८ च्या खाली नको, डोक्यावरची खूण पाहून घ्यायचा. नट नायलॉक, किंवा कॅसल नट आणि कॉटर पिन. नटाच्या बाहेर निदान दोन आटे दिसले पाहिजेत. टाय रॉडच्या एका टोकाला उलटे आटे, म्हणजे रॉड न काढता चाकाचं टो, म्हणजे वरून पाहता चाकाचा आत-बाहेरचा कोन, जुळवता येतं, आणि दोन्ही टोकांना चेक नट. वापरलेला नायलॉक पुन्हा वापरायचा नाही. यात वाद नाही आणि यातलं काही महागही नाही.

पहिल्या वर्षी हा बदल केला तेव्हा कॅप्टन कुरकुरत आला. "सर, जज विचारतील ना, क्रोमोली का नाही? बाकीच्या सगळ्या टीमची आहे." मी म्हटलं, विचारू देत. ते विचारतील तेव्हा ऑयलरचं सूत्र कागदावर मांड आणि वाचलेले पैसे कुठे लावले ते सांग. पैसे जादा रॉड एंड, दोन तयार टाय रॉडचे संच आणि सरावाच्या पेट्रोलवर गेले होते. परीक्षकांनी विचारलं का? विचारलं. मुलाने सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि ते वेल्डिंगकडे वळले, तिथे आमचे गुण कापले गेले, आणि बरोबरच कापले गेले.

जाता जाता बग्गीबाहेरचं एक सांगायचं आहे, कारण यवतमाळमध्ये बग्ग्या हातावर मोजण्याइतक्या आणि ट्रॅक्टर हजारोंनी. मोडलेल्या टाय रॉडला किंवा ड्रॅग लिंकला वेल्डिंग मारून, नाहीतर पाईपात बोल्ट वेल्ड करून ट्रॅक्टर पुन्हा रस्त्यावर आलेला मी सर्रास पाहतो. भारी बोल्ट उष्णता देऊन कडक केलेला असतो. वेल्डच्या शेजारी तो कुठे मऊ, कुठे ठिसूळ होतो, आणि वरून ते दिसत नाही. हंगामाची घाई मला कळते, नवा पार्ट तालुक्याला जाऊन आणावा लागतो तेही कळतं. तसा जोड घेऊन ट्रॅक्टर शेतातून घरापर्यंत हळू आणायचा तर आणा. पण कापसाची ट्रॉली जोडून, वर माणसं बसवून, तो डांबरी रस्त्याला लावू नका. टाय रॉड नवाच घ्या, आणि गॅरेजवाल्यांनो, कोणी वेल्ड करून मागितला तर नाही म्हणा.